आमचे मेथडिस्ट शेजारी

ज्युबिलीच्या पुस्तकांत आपल्याच देवळाचें गुणगान करावें, असा प्रघात आहे. परंतु वढू बुद्रुकपासून दौंडपर्यंतच्या या भीमाकांठीं प्रभूच्या नांवानें राबलेले आम्ही एकटेच नव्हतों. म्हणून आमच्या मेथडिस्ट बांधवांचा वृत्तांत येथें थोडक्यांत निवेदन करतों.

१८७१ सालीं विल्यम टेलर हे अमेरिकन उपदेशक मुंबईस आले. त्यांचा उपदेश प्रथम इंग्रजी बोलणाऱ्या लोकांस, विशेषतः अँग्लो-इंडियन कुटुंबांस रुचला. परदेशाच्या पैशावर विसंबूं नये, मंडळीनें आपला खर्च आपणच चालवावा, हा त्यांचा बाणा. पुण्यांतील मेथडिस्ट सभांमध्यें विल्यम ओल्डहॅम या सर्व्हे खात्यांतील तरुणाचें हृदयपरिवर्तन झालें. त्यांनींच १८८६ सालीं सिंगापुरास शाळा काढली व पुढें ते बिशप झाले.

मग दुष्काळ आला. १८९६ पासून सहा वर्षांत दोनदां अन्नान्नदशा झाली आणि निराधार लेंकरें मिशनांच्या दारीं आलीं. केडगांवीं पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत १८९८ सालीं मिनी एब्रम्स ह्या मेथडिस्ट मिशनरीबाई साह्यास आल्या. तेथें १९०५ सालीं झालेल्या जागृतीवर त्यांनीं लिहिलेलें पुस्तक दक्षिण अमेरिकेंतील चिलीपर्यंत पोंचलें, व तेथील मेथडिस्टांतून पेंटेकॉस्टल मंडळी निघाली. कोठें केडगांव, आणि कोठें चिली !

१९४७ नंतर पुष्कळ अँग्लो-इंडियन कुटुंबें परदेशीं गेलीं. जी मंडळी इंग्रजी भाषकांत उगवली, ती देशी भाषांच्या लोकांच्या हातीं वाढली. १९७० सालच्या उत्तर भारतीय मंडळीच्या एकीकरणांत ती सामील झाली नाहीं. १९८१ सालीं ती स्वायत्त झाली.

एकेकाळीं आमचे लोक त्यांच्या देवळाची पायरी चढत नसत, व तेही आमच्याकडे संशयानें पाहत. उभयपक्षीं एकच बाप्तिस्मा, तरी सोयरीक जुळली कीं घरांत रडारड ! १९६४ सालीं व्हॅटिकन परिषदेनें त्यांस बंधू म्हणावयास शिकविलें. पापी मनुष्य देवाच्या कृपेनेंच नीतिमान ठरतो, यावर आमचें व ल्यूथरनांचें १९९९ सालीं एकमत झालें. त्यास मेथडिस्टांनीं २००६ सालीं संमति दिली. विद्वानांनीं कागदावर जें जुळविलें, तें आपल्या ओसरीवर जुळावयाचें राहिलें आहे.

मंडळी भिंतींनीं टिकत नाहीं. माणसें बदललीं, भाषा बदलली, तरी प्रार्थना चालूं राहिली, हा धडा आम्हांस त्या शेजाऱ्यांपासून घेणें आहे. येत्या नाताळांत आपण त्यांच्या दारीं जावें, ही आमची विनंति. सर्वांनीं एक व्हावें, ही प्रभूचीच इच्छा आहे.