ठाण्यांतील पंधरा घरें

परक्या शहरांत उतरावें तें कोठें, हा प्रश्न उल्हास नदीच्या मुखाशीं फार जुना आहे. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत कल्याण बंदराची अवस्था नमूद आहे: तेथें एके काळीं व्यापार खुला होता, पुढें मात्र ग्रीक जहाज तेथें लागलेंच तर तें पहाऱ्यांत भडोचला नेलें जाई. सहाव्या शतकांत कॉस्मस या ग्रंथकारानें त्याच कल्याणांत इराणांतून नेमलेला ख्रिस्ती धर्माधिकारी असल्याची नोंद केली. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें ठाण्याचें कातडें व कापड वाखाणलें, आणि तेथील राजा चांच्यांना सामील असतो अशी तक्रारही केली.

इ. स. १३२१ मध्यें फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधु ठाण्यास आले. त्यांना जावयाचें होतें कोल्लमला. जहाजानें त्यांना येथें आणून सोडलें. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि अनेक भाषा जाणणारा जॉर्जियन दिमित्री, अशी त्यांचीं नांवें. शहराची सत्ता मुसलमान मलिकाच्या हातीं, वस्ती बहुतांशीं हिंदु. शिवाय नेस्टोरियन ख्रिस्त्यांचीं पंधरा घरें होतीं. त्यांतीलच एका घरीं हे साधु उतरले. रोमच्या दृष्टीनें हे यजमान पाखंडी खरे. पण परदेशीं इतका भेद कोण पाहतो?

घात झाला तो घरगुती भांडणानें. यजमानानें बायकोस मारलें, आणि ती काजीकडे गेली. साक्षीदार कोण, असें विचारतांच तिनें घरांत असलेल्या चार फिरंगी साधूंचें नांव घेतलें. त्यांना बोलावणें आलें. साक्ष बाजूस राहून धर्मावर वाद सुरू झाला. पैगंबराविषयीं मत विचारलें गेलें तेव्हां थॉमसनें प्रथम आडून उत्तर दिलें. पुढें स्पष्ट बोलला, आणि तेंच प्राणावर बेतलें.

मलिकानें त्यांना खाडीपलीकडील वस्तींत पाठविलें. यजमान सोबत गेला. तेथें एका हिंदूनें त्यांना घरांत आसरा दिला. परंतु काजीनें मलिकाचें मन फिरविलें, आणि त्याच रात्रीं मारेकरी येऊन पोंचले. तिघे तेथेंच मेले. सामान राखण्यास ठाण्यांत मागें राहिलेला पीटर पुढें दोन दिवसांत मारला गेला.

हा वृत्तांत अर्थात् एकाच बाजूचा आहे. तो मुख्यतः ओदोरिक या त्यांच्याच पंथबंधूनें १३३० मध्यें सांगितला. त्यांतील चमत्कार बाजूस ठेवावेत. तथापि भांडण, पंधरा घरें आणि खाडीपलीकडचा तो हिंदु यजमान, या गोष्टी रचून कोणास कांहीं लाभ नव्हता. त्यांचा सहप्रवासी जॉर्डेनस त्या दिवसांत ठाण्याबाहेर होता, म्हणूनच वांचला. मृतांचें दफन त्यानें सोपाऱ्यास केलें. कांहीं काळानें ओदोरिक आला, त्यानें अस्थि उकरून बरोबर घेतल्या, आणि समुद्रमार्गानें चीनमधील जैतून बंदरीं आपल्या पंथाच्या मठांत नेऊन ठेवल्या.