देवळाच्या पायरीवरून अंगणात : पिंगुळीचे परशुराम गंगावणे

पिंगुळीच्या चित्रकथीविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले गेले आहे, त्यात रंग, रेषा आणि कागद यांची चर्चा भरपूर सापडते. ती चित्रे पुढ्यात ठेवून रात्रीमागून रात्र गाणाऱ्या माणसाची चर्चा मात्र अभावानेच आढळते. चित्र विकत घेता येते, भिंतीवर टांगता येते. गळा टांगता येत नाही. आमच्या अभिजन रसिकतेला म्हणूनच चित्रकथीतले चित्र दिसले आणि कथी दिसला नाही. परशुराम गंगावणे यांच्या पन्नासेक वर्षांच्या वाटचालीकडे मी या कथी माणसाच्या बाजूने पाहतो आहे.

मालवणहून कुडाळला उतरून थोडे पुढे गेले की पिंगुळी लागते. गावाचे नाव लोकांना राऊळ महाराजांच्या मठामुळे माहीत आहे. तिथल्या गुढीपूरची ठाकरवस्ती माहीत असणारे कमी. या वस्तीतल्या ठाकर समाजाकडे अकरा लोककला आहेत असे सांगितले जाते : चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, पांगुळ बैल, राधानृत्य, गोंधळ इत्यादी. एकाच समाजाकडे इतक्या कला का, हा प्रश्न कलासमीक्षकांना पडत नाही. माझ्या मते उत्तर साधे आहे. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला वर्षाचे बारा महिने काही ना काही दाखवतच फिरावे लागते. एक कला एका हंगामाला पुरते, पोटाला बारा महिने लागतात.

चित्रकथीची रीत थोडक्यात सांगतो. साधारण फूट-सव्वा फुटाच्या कागदावरची चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एका आख्यानाच्या अशा चित्रांचा संच म्हणजे पोथी. प्रथम गणपती, मग सरस्वती, आणि मग कथा. मुख्य गाणारा एकेक चित्र पुढे ठेवीत जातो आणि गाऊन, मध्येच बोलून ती कथा उलगडतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. हुडूक म्हणजे मधे बारीक आणि दोन्ही तोंडांना रुंद असे लहान चर्मवाद्य. त्याच्या दोऱ्या आवळल्या की आवाज चढतो, सैल सोडल्या की उतरतो. युद्धाचा प्रसंग असो की रडण्याचा, चित्र तेच राहते. त्याला हलवतो तो हुडूक आणि गाणाऱ्याचा श्वास. मुकी चित्रे पाहून या कलेविषयी मत बनवणे म्हणजे पंगतीतले पान पाहून जेवणाची चव सांगणे होय.

कथा रामायण-महाभारताच्या, परंतु ग्रंथातल्या नव्हेत. अहिरावण-महिरावणासारखी आख्याने, लोकांच्या तोंडी घडलेले प्रसंग, मालवणी मुलखातले बोलणे हे सारे त्यात मिसळलेले असते. आमच्यातील काही मित्र म्हणतात की ही अखेर पुराणकथांचीच वाहतूक आहे, तिच्याशी आपले काय नाते? प्रश्न रास्त आहे. मला तो टाळायचा नाही. पण पुराण कोणी लिहिले एवढेच विचारून भागत नाही. ते गाणाऱ्याला देवळात कुठे बसवले आणि हातावर काय ठेवले, हेही विचारावे लागते.

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. म्हणजे परंपरा जुनी आहे. सावंतवाडीच्या भोसले राजवटीने या कलेला आश्रय दिला आणि ठाकर कुटुंबांना देवळे वाटून दिली : अमुक घराण्याने अमुक देवळात कथा लावायची, त्याबद्दल धान्य, बिदागी घ्यायची. याला ‘राजाश्रय’ म्हणण्याचा प्रघात आहे. मला त्यात बलुत्याचा वास येतो. देऊळ वाटून मिळाले म्हणजे हक्क मिळाला, हे खरे. पण त्या हक्काबरोबर चाकरीही पिढीजात झाली. १९४८ साली संस्थान विलीन झाले. आश्रय आटला, आणि चाकरीची सवय गावांच्या डोळ्यांत तशीच राहिली. जे काल सेवा म्हणून ओळखले जाई ते आज भीक ठरले. मालवणात शिकवायला लागलो त्या काळात एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी बाहुल्यांचा खेळ सुचवला, तेव्हा “मागत्यांचे खेळ शाळेत कशाला?” असे एका वरिष्ठाने सहजपणे म्हटले होते. सहजपणे, हे महत्त्वाचे.

हा अपमान दलित वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. १९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेबांनी गावकीच्या हीन कामांवर घाव घातला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या आमच्या लोकांनी देवाच्या पुढे वाजवणे सोडले. डफ, हलगी, सनई खुंटीला टांगली गेली. कित्येकांचे उत्पन्न गेले, कित्येकांवर बहिष्कार आला, तरी ती टांगली गेली. मात्र गाणे सुटले नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा साचा घेऊन त्यातला गण-गवळणीचा देव बाजूला सारला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गायले, पण गावकीचे म्हणून नव्हे. विठ्ठल उमप लोककलेचे सारे प्रकार पचवून भीमगीते गात राहिले आणि २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले. कलेचे रूप ठेवायचे आणि तिची जागा बदलायची, असा हा मार्ग होता.

गंगावणे यांचा मार्ग हा नव्हे. त्यांनी देव बदलला नाही, पोथी बदलली नाही. ते आंबेडकरी चळवळीचे कलावंत नव्हेत आणि त्यांना ओढूनताणून तसे ठरवण्याचे कारण नाही. बालपणापासून घरातच ते चित्रकथी आणि कळसूत्रीचा खेळ शिकले. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या बाहुल्या, दोऱ्या, गाणे, वादन, निवेदन, हे सारे एकाच माणसाने करायचे. समाजातील अनेकांनी कंटाळून, अपमानाने किंवा नोकरीसाठी हे काम सोडले. त्या वर्षांत त्यांनी ते धरून ठेवले. बाहुल्यांच्या खेळात आरोग्य, स्वच्छता असे प्रबोधनाचे विषयही आणले. हे सरकारी छापाचे विषय वाटतील, वाटोत. बाहुली देवळाबाहेर बोलू लागली, हे महत्त्वाचे.

पण मला खरा ऐतिहासिक क्षण वाटतो तो २००६ चा. त्या वर्षी त्यांनी आपल्या घराजवळच्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले : ठाकर आदिवासी कला आंगण. जुन्या पोथ्या, बाहुल्या, वाद्ये तिथे मांडली. मुलगे, नातलग खेळ दाखवू लागले, शिकवू लागले. इथून पुढे कलावंताने पोथी काखेत मारून दारोदार जायचे नव्हते. ज्याला ऐकायचे असेल त्याने ठाकरवस्तीत यायचे, पायताण काढून ठाकराच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसायचे. पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीवर ठरलेली जागा त्यांनी उलटी केली. मोठ्या संस्थांच्या संग्रहालयांत असे होत नाही. तिथे वस्तू येते, माणूस बाहेर राहतो.

याचा पुरावा शोधायला दूर जायला नको. चित्रकथीच्या जुन्या चित्रांना संग्रहालयांत आणि बाजारात ‘पैठण शैली’ हे नाव चिकटले. पुण्याच्या केळकर संग्रहालयातला संग्रह प्रसिद्ध आहे. अभ्यासक आले, प्रबंध झाले. मणी कौल यांनी १९७७ मध्ये ‘चित्रकथी’ हा माहितीपटही केला. या सर्वांचे ऋण मानतो. परंतु चित्र काढणाऱ्या, गाणाऱ्या ठाकरांची नावे त्या चर्चेत फारशी उमटली नाहीत. गणपत मसगे, परशुराम गंगावणे अशी नावे लोकांच्या तोंडी यायला त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली. २०२१ साली गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. आदिवासी कला जपणारा म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले. सिंधुदुर्गाला अभिमान वाटला. मलाही वाटला.

आता या अभिमानाच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. ज्या राज्यात ठाकरांची कला आदिवासी म्हणून गौरवली जाते, त्याच राज्यात याच जिल्ह्यातल्या ठाकर मुलांच्या आदिवासी असण्याविषयी शंका घेतली जाते. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यापूर्वी ‘ठाकूर, ठाकर’ ही अनुसूचित जमात ठाणे, कुलाबा, नाशिक, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांच्या ठरावीक तालुक्यांपुरती होती. रत्नागिरी जिल्हा, ज्यातून १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्या यादीत नव्हता. कायद्याने ही क्षेत्रमर्यादा काढली. पण कागदावरून गेलेली हद्द पडताळणी समितीच्या मनातून गेली नाही. दाखला असला तरी वैधता नाही. आणि वैधतेसाठी ‘आप्तसंबंध चाचणी’. तुमचे कुलदैवत कोणते, लग्न कसे लावता, मर्तिक कसे करता, बोली कोणती, गाणी-नाच कोणते? दक्षता पथक घरी येऊन विचारते. कर्जत-मुरबाडच्या डोंगरातल्या ठाकराशी उत्तर जुळले नाही की दावा अडचणीत.

यातला विरोधाभास नीट पाहावा. पोराने पोथी आणि हुडूक सोडून कॉलेजची वाट धरावी म्हणून समाज राबला. आणि पोरगे कॉलेजात पोचले तेव्हा त्यालाच विचारले जाते की तुझ्या जमातीचे गाणे सांग. ज्याने कला सोडली त्याला पुरावा नाही, आणि ज्याने धरली त्याला शिक्षणासाठी वेळ मिळाला नाही.

आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या खटल्यात २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. ती प्रत्येक प्रकरणात अपरिहार्यही नाही. २०११ च्या आनंद खटल्यातही न्यायालयाने म्हटले होते की स्थलांतर आणि आधुनिक जीवनाशी संपर्क यांमुळे जुनी लक्षणे पुसट होतात. मालवण-कुडाळच्या ज्या शिक्षकांकडे ठाकर विद्यार्थी आहेत त्यांनी हे निकाल स्वतः वाचावेत आणि पालकांना वाचून दाखवावेत. शाळेच्या जुन्या रजिस्टरांतील आजोबा-पणजोबांच्या नोंदींना या प्रकरणांत मोठे मोल असते, आणि ती रजिस्टरे आपल्याच कपाटांत वाळवी खात पडलेली आहेत.