भूभू की बाउ-वाउ?

परवा अमेरिकेहून पुतणी आली, चार वर्षांच्या लेकीला घेऊन. गल्लीतला मोत्या फाटकाशी आला तशी आई, म्हणजे त्या पोरीची पणजी, म्हणाली, "भूभू आला बघ!" पोरगी लगेच म्हणाली, "नो, बाउ-वाउ!" आईही हटणारी नव्हे. "तुमच्याकडचा म्हणत असेल तसं. हा इथला आहे, हा भूभूच म्हणतो."

सगळे हसलो. पण माझ्या डोक्यात तो 'बाउ-वाउ' भुंकतच राहिला.

शब्द तसा जुना. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सापडतो. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये एरियलच्या गाण्याला साथ म्हणून कुत्र्यांचं भुंकणं आहे, तिथेही तो आहे, फक्त स्पेलिंग वेगळं. आधी नुसता आवाज, मग लहान मुलांच्या बोलीत खुद्द कुत्रा. पण गंमत पुढेच आहे. डॉ. जॉन्सनची वाक्यं एवढी थोर वाटतात ती त्यांच्या 'बाउ-वाउ' ढंगामुळे, असं लॉर्ड पेम्ब्रोक म्हणाल्याचं बॉस्वेलने नोंदवलंय. म्हणजे गुरगुरत, दणक्यात बोलणं! आणि 14 मार्च 1826 च्या रोजनिशीत वॉल्टर स्कॉटने जेन ऑस्टिनचं कौतुक करताना लिहिलं, की मोठा 'बाउ-वाउ' थाट आपल्याला जमतो, पण तिचा नाजूक हात आपल्याला लाभला नाही. एवढ्या मोठ्या लेखकाने स्वतःवर असं हसावं, हे मला फार आवडलं.

मग आले मॅक्स म्युलर. हो, आपल्या ऋग्वेदाचे सायणभाष्यासह संपादन करणारे तेच. 1861 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी भाषाशास्त्रावर व्याख्यानं दिली. माणसाने प्राण्यांच्या, निसर्गाच्या आवाजांची नक्कल केली आणि त्यातून भाषा जन्मली, असं मत तेव्हा बरेच जण मांडत. म्युलरनी त्याला 'बाउ-वाउ सिद्धान्त' असं नाव देऊन टाकलं. त्यांचं म्हणणं, असे शब्द कागदी फुलांसारखे, त्यांना मूळ नाही आणि त्यांच्यापासून पुढे काही उगवत नाही. डार्विनला ते पटलं नाही. 1871 च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये त्याने नक्कलेच्या बाजूने कौल दिला. दरम्यान 1866 मध्ये पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने भाषेच्या उगमावरचे निबंध स्वीकारायचेच नाहीत, असा नियम केला. भांडण किती पेटलं असेल बघा!

आपल्याकडे हा वाद त्याहून कितीतरी जुना. यास्काने 'निरुक्ता'त काक हा शब्द आवाजाच्या नकलेवरून आला, पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं, असं सांगितलंय. आणि लगेच औपमन्यवाचं उलट मतही नोंदवलंय, की शब्द असे नकलेतून होतच नाहीत. आपण पोरांना 'काऊ' दाखवतो तेव्हा यास्काच्या बाजूने मत देत असतो, एवढंच!

आईच्या आणि पोरीच्या भांडणाचं उत्तर मात्र मला सोस्यूरकडे मिळालं. त्याच्या मृत्यूनंतर 1916 मध्ये निघालेल्या पुस्तकात तो म्हणतो, की असे शब्दसुद्धा हुबेहूब नक्कल नसतात, निम्मा संकेत असतो. फ्रेंच कुत्रा 'वावा' करतो, जर्मन 'वाउवाउ'. कुत्रा तोच, कान आपापल्या भाषेचे. म्हणजे आईचं अगदीच चूक नव्हतं.

पण म्युलरांचं ते कागदी फुलांचं काही पटेना. आई शहाऐंशीची, कानाने अधू, इंग्रजी येत नाही. पोरीला मराठी जेमतेम. दोघी दुपारभर ओटीवर बसायच्या. काय बोलत असतील म्हणून मी एकदा दाराआडून ऐकलं. भूभू, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा... एवढ्याच शब्दांवर गप्पा चालल्या होत्या आणि दोघींना काही कमी पडत नव्हतं. भाषा अशी सुरू झाली की नाही ते पंडित जाणोत, त्या दोघींची तरी अशीच सुरू झाली.

असो. पोरगी गेल्या रविवारी परत गेली. तेव्हापासून मोत्या भुंकला की आई फाटकाकडे बघते.

तुमच्या घरी कुत्रा काय म्हणतो?