‘ओतलेली’ गोळी आणि ‘मिळालेले’ काडतूस : खानदेशच्या इतिहासातील एक शब्दप्रकरण

शब्द हेही इतिहासाचे साधन होय, हा विचार महाराष्ट्रात रुजविणारे वि. का. राजवाडे १९२६ साली धुळे येथे निवर्तले. त्याच भूमीतील एका प्रकरणाकडे त्यांच्या या विचाराच्या आधाराने पाहण्याचा येथे हेतू आहे. प्रकरण बंदुकीच्या गोळीचे आहे. बंदुकीचा इतिहास बहुधा नळीच्या अंगाने लिहिला जातो. तिच्यात जे भरावयाचे ते कोण तयार करीत असे, हा प्रश्न मागे राहतो. हा प्रश्न केवळ कारागिरीचा नसून सत्तेचाही आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘दारू’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ औषध असा आहे. ‘तोफ’ तुर्कीतून आली, ‘शिसे’ संस्कृत ‘सीस’ पासून आले, तर ‘गोळी’ आपल्या घरचीच. ‘काडतूस’ मात्र निराळ्या वाटेने, पाश्चात्त्यांबरोबर आले. पोर्तुगीज ‘कार्तूशो’ शी त्याचे नाते उघड दिसते. शिवकालात रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रवर्गासाठी संस्कृत प्रतिशब्द दिले, तथापि लोकांच्या तोंडी तोफ, बंदूक आणि दारू याच राहिल्या.

व्युत्पत्तीपेक्षाही या शब्दांना जोडून येणारी क्रियापदे अधिक बोलकी आहेत. दारू कुटतात, वाळवितात, गोळी ओततात, बार भरतात, ठासतात. ही सर्व करणाऱ्याची क्रियापदे होत. काडतूस मात्र मिळते, वाटले जाते, मोजून परत घेतले जाते आणि आजच्या वर्तमानपत्री भाषेत ‘जिवंत’ सापडून जप्त होते. ही घेणाऱ्याची, किंबहुना ज्याच्यावर लक्ष ठेवावयाचे त्याची क्रियापदे आहेत. क्रियापदांतील या भेदाच्या मुळाशी एक ऐतिहासिक स्थित्यंतर आहे.

शिशाचा वितळणबिंदू सुमारे ३२७ अंश सेल्सिअस आहे. लोखंडास १,५०० अंशांहून अधिक उष्णता लागते, म्हणून त्याला भट्टी हवी; शिशाला साधी चूल पुरते. तोडेदार बंदुकांच्या नळ्या एका मापाच्या नसत. त्यामुळे प्रत्येक बंदुकीला तिच्या जोडीचा साचा लागे आणि गोळी त्या बंदुकीपुरतीच असे. शिसे बव्हंशी बाहेरून येई. इंग्रज कंपनी सतराव्या शतकात सुरतेस जो माल विकी, त्यात शिसेही होते. आणि सुरत-बऱ्हाणपूर हा राजमार्ग खानदेशातूनच जात होता. धरणगावास त्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांची वखारही होती. कच्चा माल परका असला, तरी त्यास गोळीचे रूप देणारा हात स्थानिकच होता. दारूची निगाही अशीच हातची होती. ठराविक दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, असे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावले आहे.

ही हातची कारागिरी केवळ ‘मागासां’ची होती, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. १८५० नंतरच्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट किंवा ॲडम्स यांची रिव्हॉल्व्हरे दिसू लागली. ‘बार’ या जुन्या शब्दावरूनच मराठीने त्यांना ‘सहाबारी पिस्तूल’ म्हटले. या पिस्तुलांच्या लाकडी पेटीत दारूची कुपी, टोप्यांची डबी आणि गोळ्या ओतण्याचा चिमट्यासारखा दुहेरी साचा असे. म्हणजे पिस्तूल लंडनच्या कारखान्यातले असले, तरी त्याच्या गोळ्या साहेबाला मुक्कामावर ओतून घेता येत. डोंगरातला तोडेदार बंदूकवाला आणि तंबूतला साहेब या एका बाबतीत एकाच युगात वावरत होते.

त्या युगाचा शेवट सरकारी काडतुसाने घडविला. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीचे काडतूस म्हणजे दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेली, वंगण लावलेली कागदी पुडी होती. ती दुसऱ्याने तयार केलेली होती आणि दाताने फोडावयाची होती. १८५७ च्या प्रारंभी उठलेल्या चरबीच्या वार्तेचा धार्मिक अंग म्हणून पुष्कळ विचार झाला आहे. परंतु तिच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे. जे आपण तयार केले नाही, त्यात काय आहे हे आपणांस ठाऊक नाही. सरकारलाही हे उमगले असावे. जानेवारी १८५७ अखेरीस काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून आणून स्वतःच वंगण लावावे, असे ठरले. पण तोवर शंका कागदावर गेली होती. एकदा गेलेला विश्वास अर्धी कृती हाती देऊन परत आला नाही.

खानदेशात या दोन व्यवस्था समोरासमोर आल्या. १८२५ साली जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. तेव्हापासून भिल्ल समाजातीलच काही पुरुषांना सरकारी कोठारातून दारूगोळा मिळू लागला. पुढे खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी उठाव केला. नोव्हेंबर १८५७ मध्ये सेंधवा घाटात सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे लढाई झाली. उठाववाल्यांच्या बाजूस भिल्लांबरोबर अरब व मकराणीही होते, तर भिल्ल पलटण सरकारच्या बाजूने होती. एकाच समाजातील माणसे दोन्ही बाजूंना होती. एकास गोळी मिळत होती, दुसऱ्यास ती मिळवावी वा ओतावी लागत होती. खजिना हाती असूनही त्यामागे कोठार नव्हते. पराभवाचे हे एकमेव कारण नव्हे. पण पकडलेल्यांपैकी अनेकांना तेथेच गोळ्या घालण्यात आल्या, त्या गोळ्या कोठारातल्या होत्या.

यानंतर सत्तेने कायद्याची भाषा हाती घेतली. १८५७ च्या अठ्ठाविसाव्या कायद्याने शस्त्रे व दारूगोळा तयार करणे, विकणे आणि बाळगणे यांवर नियंत्रण आले. लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याची व्याख्या भाषाभ्यासकाने मुळातून वाचावी अशी आहे. दारूगोळा तयार करण्याची यंत्रे तिने दारूगोळ्यातच धरली. शिसे, गंधक व सोरा हे मात्र नावे घेऊन वगळले. पण ‘लष्करी साहित्य’ या दुसऱ्या व्याख्येत, सरकार अधिसूचना काढील तेथे, याच तीन पदार्थांना परत आणण्याची सोय ठेवली. शिसे हे शिसेच, की होऊ घातलेली गोळी, हे ठरविण्याचा अधिकार चुलीकडून राजपत्राकडे गेला. युरोपियनांना परवान्यातून सूट होती, हेही ध्यानात ठेवावे.

त्याच काळात तंत्रही त्याच दिशेने गेले. स्नायडर रायफलीबरोबर १८६६ पासून धातूच्या कवचाचे काडतूस रूढ झाले. १८६९ साली पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला. काडतूस घडविण्यास आता अचूक यंत्र हवे होते. कायदा जे मना करीत होता, ते तंत्राने अवघडही करून ठेवले.

या कथेचा शेवट खानदेशातच व्हावा, हा योगायोग विलक्षण आहे. १९६४ साली जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे आयुधनिर्माणी स्थापन झाली. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. तिचे मुख्य काम लहान शस्त्रांची काडतुसे तयार करणे हेच. ज्या प्रदेशात गोळी ओतली जाई, तेथेच आज काडतूस निपजते. पण ते कुंपणाआड. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावाचून दारूगोळा घडविणे हा गुन्हा आहे, आणि नागरी समाजात तसे असणे युक्तच होय. आपल्या बोलीनेही ही वस्तुस्थिती टिपली आहे. ‘गावठी कट्टा’ हा शब्द खानदेशात नित्य वाचनात येतो. ‘गावठी काडतूस’ सहसा येत नाही.

जुनी क्रियापदे मात्र गेली नाहीत. लग्नाचा बार उडतो, भाषणाचा बार फुसका निघतो, पोते ठासून भरले जाते. एके काळी ही कृती घरोघरच्या परिचयाची होती, याची ही साक्ष आहे. भिल्लांच्या उठावाची आपली माहिती मुख्यतः जेत्यांच्या कागदांतून आली आहे. आणि ते कागद बंदुका मोजतात, गोळ्या ओतणारे हात मोजत नाहीत. त्या हातांचा माग घ्यावयाचा, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या बोलींतील अशी क्रियापदे गोळा करणे, हे आपल्या विभागातील अभ्यासकांपुढील निकडीचे काम आहे.