कल्पित भाषा आणि बोलणारी माणसे

चित्रपटासाठी भाषा रचणे ही परदेशी हौस वाटते. परंतु भाषेचा हा खेळ आपल्या चिखलीतील मुलांनाही अपरिचित नाही. 'च'च्या भाषेत 'पाणी'चे 'चणीपा' होते. शब्द मराठीच; अक्षरांची जागा तेवढी बदलते.

२०१५ साली 'बाहुबली'त कालकेयांच्या तोंडी आलेल्या किलिकीचे मूळही अशाच खेळात आहे. मदन कार्की यांनी ऑस्ट्रेलियात शिकत असताना मुलांसाठी एक भाषा रचली होती. तिच्यावरून पुढे किलिकी सिद्ध झाली. तिला मात्र स्वतःचे शब्द व व्याकरण आहे.

'स्टार ट्रेक'मधील क्लिंगॉनचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. १९८४ च्या चित्रपटासाठी तिची पद्धतशीर रचना करणारे मार्क ओक्रँड हे कॅलिफोर्नियातील मुत्सुन या आदिवासी भाषेचे अभ्यासक. ती अस्खलित बोलणारी शेवटची स्त्री १९३० साली वारली. तिच्याकडून उतरून घेतलेल्या टिपणांच्या साहाय्याने ओक्रँड यांनी १९७७ साली मुत्सुनचे व्याकरण लिहिले. पुढे त्यांच्या क्लिंगॉनचा कोश निघाला आणि हौशी लोक ती शिकू लागले. इकडे मुत्सुनांच्या वंशजांनीही जुन्या टिपणांवरून पूर्वजांची भाषा पुन्हा शिकण्यास आरंभ केला. २०१६ साली तिचाही कोश प्रसिद्ध झाला.

कोश व व्याकरण भाषेचा सांगाडा जपतात. प्राण बोलणाऱ्याच्या जिभेवर असतो. कारखान्यांच्या या पट्ट्यात नाना प्रांतांतील कुटुंबे आपापल्या बोली घेऊन आली आहेत. आजीची बोली नातवाच्या कानावर पडते की नाही, याचा विचार प्रत्येक घराने आजच केला पाहिजे.