सातबाऱ्याबाहेरची माणसे आणि कोकणातली वीज

लांज्यातल्या बौद्धवाड्यांमध्ये बैठक घेताना 'पर्यावरण की विकास' असा विषय निघाला, की कुणीतरी आम्हालाच विचारते, "आमच्या नावावर जमीनच नाही, आम्हाला कोण विचारतंय?" हा प्रश्न जुना आहे. तो खोतीपासूनचा आहे.

खोत सरकारचा सारा गोळा करायचा आणि कुळाकडून धान्याचा वाटा नि वेठ घ्यायचा. ही पद्धत मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. पण ज्याच्याकडे कागद होता त्याला जमीन मिळाली, आणि तोंडी वहिवाटीवर राबणारी कितीतरी घरे बाहेर राहिली. (वतनी जमिनींची कथा वेगळी, ती पुन्हा कधीतरी.)

बाबासाहेब विजेच्या विरोधात नव्हते, हे आपल्याच काही मित्रांना सांगावे लागते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना वीज आणि पाटबंधाऱ्यांचे धोरण त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, म्हणजे उद्योग उभे राहतील आणि शेतीवरचा माणसांचा भार कमी होईल, ही त्यांची मांडणी. पण १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योगांबरोबर शेतजमीनही सरकारी मालकीची करा, ती जात न पाहता कसायला द्या, असेही त्यांनी मांडले. आपल्याकडे यातली वीज घेतली गेली, जमिनीचा भाग सोडून दिला गेला.

त्याचा परिणाम शेजारच्या राजापूर तालुक्यात दिसला. ९,९०० मेगावॉटच्या जैतापूर अणुप्रकल्पासाठी माडबन आणि आसपासच्या गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन १८९४ च्या कायद्याने घेतली. कातळ सड्याला सरकार पडीक म्हणत होते. तिथे गुरे चरतात, पावसाळी गवत होते, पण पोटखराब्याच्या रकान्यात गवताला जागा नाही. साखरी नाट्याच्या मच्छीमारांची तर जमीन गेलीच नव्हती, मग भूसंपादनाच्या हिशेबात ते कुठून येणार? समुद्राचा सातबारा नसतो. १८ एप्रिल २०११ रोजी तिथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण ठार झाला.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी गाडगीळ समितीचा अहवाल आला आणि २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा. मार्च २०१४ पासून पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे पुन्हा पुन्हा निघत आहेत, त्यात लांजा तालुक्यातलीही गावे आहेत. खाणकाम, औष्णिक वीज, अतिप्रदूषक उद्योग तिथे बंद. आम्हाला हे संरक्षण हवेच आहे, डोंगर पोखरला तर उन्हाळ्यात पहिली विहीर वाडीची आटते. पण चिरेखाण बंद झाली तर मालकाकडे दुसरा धंदा असतो, चिरे वाहणाऱ्याकडे काय असते? मसुद्यात त्याचा रोजगार कुठेच नाही. गाडगीळांनी ग्रामसभेला विचारा म्हटले, ते दिल्लीत बसून रेघ ओढण्यापेक्षा बरे. तरी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेब गावाबद्दल काय बोलले, ते वाचूनच आम्ही ग्रामसभेत जातो.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने शेतमजूर, कुळे आणि मच्छीमार यांनाही 'बाधित कुटुंब' मानले आहे, अट एवढीच की तीन वर्षांची उपजीविका त्यावर असावी. म्हणून वाड्यावाड्यांत आम्ही सध्या वह्या करतो आहोत: कोण कुणाच्या जमिनीत राबते, कोण कुठल्या सड्यावर गुरे नेते, कोण कुठल्या खाणीवर जाते, आणि कधीपासून.