१ जून २०२० : स्लीपर डबे पुन्हा रुळांवर

कोरोनामुळे मार्चअखेरीस थांबलेली देशातील प्रवासी रेल्वेसेवा टप्प्याटप्प्याने सुरू होताना या दिवशी १०० जोड्या, म्हणजे २०० विशेष गाड्या धावू लागल्या. १२ मेपासून सुरू झालेल्या १५ जोड्या पूर्ण वातानुकूलित होत्या. नव्या गाड्यांत मात्र स्लीपर वर्गही होता. जनरल डब्यालाही आरक्षण सक्तीचे होते. प्रवाशांनी ९० मिनिटे आधी यावे, तपासणी करून घ्यावी आणि चादर-पांघरूण घरूनच आणावे, असा नियम होता. १ जून १९३० रोजी सुरू झालेली मुंबई-पुणे ‘डेक्कन क्वीन’ मात्र नव्वदाव्या वाढदिवशी बंदच होती. महाराष्ट्रांतर्गत रेल्वेप्रवासाला मुभा मिळाली ती सप्टेंबरमध्ये.